सुईच्या यंत्राची पूजा

आमच्या घरात मला संशयी म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. दुधात पाणी घातलंय का, रिक्षाचं मीटर पळतंय का, एवढ्या गोड बोलणाऱ्या पाहुण्याचं नक्की काय काम असेल, हे सगळं मला आधी दिसतं आणि माणूस नंतर दिसतो. आई म्हणायची, "अगं स्वल्प विश्वास ठेव की कुणावर!" आमच्या कितीतरी पिढ्या बेंगळुरात गेल्या, त्यामुळं घरात मराठी बोलताना तिच्यात असे कानडी शब्द यायचेच.

पण माझ्या या स्वभावाला नोकरी मिळाली होती. हेब्बाळच्या पुढं, जिथं नव्वदच्या दशकातही द्राक्षांचे मळे होते, तिथं कोंबडीची अंडी उबवायची एक हॅचरी होती. मी बी.एस्सी. झालेली, म्हणून मला लसीच्या टेबलावर सुपरवायझर नेमलं होतं. रोज सकाळी मल्लेश्वरमहून कंपनीच्या व्हॅननं जायचं, पांढरा कोट चढवायचा आणि नऊ बायकांच्या हातांवर नजर ठेवून उभं राहायचं.

कोंबडीच्या पिल्लांना एक रोग होतो. एक पाय पुढं आणि एक मागं टाकून पिल्लू पडतं, ते उठतच नाही. तो होऊ नये म्हणून पिल्लू जन्मलं त्याच दिवशी त्याच्या मानेत लस टोचायची. बायका स्टीलच्या लांब टेबलाभोवती बसत. डाव्या हातात पिल्लू, मानेवरची कातडी चिमटीत, टच्च सुई, की पिल्लू खोक्यात. हात असे चालायचे की बघणाऱ्याला गरगरायला व्हावं. लसीत निळा रंग असायचा. मी मधूनच खोक्यातलं एखादं पिल्लू उचलायची, मानेवरच्या पिसांवर फुंकर मारायची आणि कातडीखाली निळा डाग आहे का बघायची. डाग नसेल तर, "कुणाचं खोकं हे?" म्हणून अशी ओरडायची की टेबल गप्प व्हायचं.

त्या नऊ जणींत एक सगळ्यात मोठी होती. मी तिला अम्मा म्हणायची आणि ती मला, मी वयानं लहान असूनही, अक्का म्हणायची. तिच्या खोक्यात मला कधी बिनडागाचं पिल्लू सापडलं नाही. शोधलं तर खूप होतं. दुपारचा डबा आम्ही दोघी एकत्र खायचो, माझी पोळी तिला आणि तिचा रागी मुद्दा, नाचणीचा उकडलेला गोळा, मला. घरी तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता आणि सगळं घर तिच्या त्या दोन हातांवर चाललं होतं.

एके दिवशी एक मोठ्ठा लाकडी खोका आला. त्यातून एक यंत्र निघालं आणि त्याच्यामागोमाग पुण्याचा एक तरुण इंजिनिअर आला. मालकांनी आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं, की आता लस पिल्लाला नाही, अंड्यालाच टोचायची. अंडं एकवीस दिवसांनी फुटतं. अठराव्या दिवशी अंडी एका मशीनमधून दुसऱ्या मशीनमध्ये, हॅचरमध्ये, हलवतोच, तेव्हाच हे यंत्र अंड्यांचा अख्खा ट्रे एकदम धरेल, प्रत्येक अंड्याच्या रुंद टोकाला बारीक भोक पाडेल आणि आतल्या जिवाला लस देईल. दिवाळीपर्यंत ट्रायल. पास झालं तर हाताचं टेबल बंद.

"आणि आम्ही?" अम्मानं विचारलं.

"बघू," मालक म्हणाले. त्या 'बघू'चा अर्थ न कळायला आम्ही कुणी कुक्कुलं बाळ नव्हतो.

अय्यो, अंड्याला भोक! मला ते पहिल्यापासूनच पटलं नाही. कवच कशासाठी असतं मग? आणि तो पुण्याचा मुलगा. त्यानं पहिल्याच दिवशी माझं मराठी ऐकून, "मॅडम, मजेशीर आहे हो तुमचं मराठी," असं म्हणून हसून घेतलं. माझ्या डोक्यात तो तिथंच गेला. पुढं मॅडमवरून तो ताईवर आला, पण मी काही विरघळले नाही.

त्याची एकेक तऱ्हाच होती. यंत्राच्या खोलीचं दार कायम बंद. आत जायचं तर आधी औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे, तोंडाला फडकं बांधायचं. बाहेरची पिशवी, डबा, काही म्हणजे काही आत न्यायचं नाही. यंत्राच्या पाठीमागचं झाकण तो स्वतःच उघडायचा आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवायचा. मी म्हटलं, एवढं लपवण्यासारखं आहे तरी काय? कुठंतरी पाणी मुरतंय. मला वाटायचं, लस टोचतच नसेल हा. किंवा खराब निघालेली अंडी गुपचूप काढून चांगली भरत असेल. ट्रायल पास करून दाखवायचं म्हटल्यावर माणूस काय करणार नाही?

मग मी डोळ्यांत तेल घालून मागे लागले. त्याच्या नकळत काही अंड्यांवर पेन्सिलनं बारीक फुल्या मारल्या आणि तीन दिवसांनी हॅचरमध्ये जाऊन ती कवचं शोधली. सगळी तिथंच होती, फुटलेली, आणि शेजारी ओली पिल्लं चिवचिवत होती. मी त्यातली चार उचलून मानेवर फुंकर मारली. डाग नाही!

"डाग कुठाय?" मी त्याला धरलंच.

"ताई, लस अंड्यात असतानाच दिली ना. मानेवर कसा दिसेल डाग?"

"म्हणजे दिली याला पुरावा काय?"

तो बिचारा गोंधळला. "पिल्लं आजारी पडणार नाहीत, हाच पुरावा," म्हणाला. असलं उत्तर मला चालत नाही. पण आठवड्यामागून आठवडे गेले आणि पिल्लं धडधाकट निघत राहिली. यंत्रानं केलेली आमच्या हातच्यांपेक्षा शांतही असायची, कारण त्यांना कुणी चिमटीत पकडलेलं नसायचं. मला याचा आनंद झाला नाही, हे कबूल करते. टेबलावरच्या बायका रोज डोळ्यांनीच विचारायच्या, आज कशी निघाली? मी 'चांगली' अशी मान हलवायची, की त्या पुन्हा खाली बघून सुया टोचायला लागायच्या.

अशात नवरात्र आलं. बेंगळुरात खंडेनवमीला आयुधपूजा असते आणि ती कुणी चुकवत नाही. बस, रिक्षा, शिवणयंत्र, वजनकाटा, ज्याच्यावर पोट चालतं त्याला हळदकुंकू आणि शेवंतीचा हार. आम्ही दरवर्षी आमच्या सिरिंजा ताटात मांडून पूजा करायचो. हॅचरीला त्या दिवशी सुट्टी नसते. आतल्या पिल्लांना सण कुठला?

आदल्या दिवशी मी त्याला सहज म्हटलं, "उद्या यंत्राची पूजा करू."

"बाहेरून दाराला करा," तो म्हणाला. "आत फुलं नकोत, ताई. अंड्यांना भोकं पाडतो आपण. फुलांबरोबर बुरशी आत येते."

आता सरळ ऐकावं की नाही? नाही! मला वाटलं, फुलं हे निमित्त आहे, याला आम्ही यंत्राजवळ यायला नको आहोत. बुरशी म्हणे. आमच्या देवघरात रोज फुलं असतात, तिथं कोण मेलंय? मी बी.एस्सी. झालेली बाई, बुरशी म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. पण तो सांगतोय म्हटल्यावर त्यात काहीतरी डाव असणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी मी मल्लेश्वरमच्या बाजारातून शेवंतीचे दोन भरगच्च हार घेतले. ओले होते, ओल्या कापडात गुंडाळूनच आणले. फाटकापाशी मालकांनी कोहळा फोडला, गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवली, चुरमुरे वाटले. पुण्याच्या मुलाला त्यांनी फराळाला ऑफिसात बसवून घेतलं. यंत्र त्यानं सकाळीच धुऊन पुसून दुपारच्या अंड्यांसाठी तयार ठेवलं होतं. मी बायकांना म्हटलं, "चला, हीच वेळ आहे."

आम्ही दहाजणी आत गेलो. पाय कुणी बुडवले, कुणी नाही. मी यंत्राच्या वरच्या भागाला, जिथं रबराच्या वाट्यांच्या रांगा असतात आणि वाट्यांत सुया, तिथं दोन्ही हार बांधले. हळदकुंकवाची बोटं ओढली. उदबत्ती लावली. मग अम्मा पुढं आली. ती माझ्यासारखी कशाची तपासणी करायला आली नव्हती. तिनं यंत्राला दोन्ही हात लावले, कपाळ टेकलं, आणि त्याला कानडीत अगदी हळू म्हणाली, "बाबा, तू तुझं काम कर. आमचं आम्हाला राहू दे." बाकीच्या डोळे पुसायला लागल्या. आणि तरीही, खरं सांगते, त्या क्षणी माझी नजर पाठीमागच्या झाकणावर होती. मी ते ओढून पाहिलं. कुलूप होतं.

तासाभरानं आम्ही हार उतरवले. हारांच्याच ओल्या कापडानं मी हळदकुंकू पुसलं, उदबत्तीची राख झाडली, आणि सगळं पहिल्यासारखं करून बाहेर आलो. दुपारी त्यानं अंडी लावली. त्याला काहीही कळलं नाही.

तीन दिवसांनी ती अंडी फुटायची वेळ आली. हॅचरचं दार उघडलं तसा कुबट वास आला. ट्रेच्या ट्रे तसेच. अंडी फुटलेलीच नाहीत, आणि जी फुटली त्यातली कितीतरी पिल्लं चोच वासून धापा टाकत होती. बातमी टेबलावर पोचली तेव्हा एक जण तर चक्क टाळी वाजवून हसली. "यंत्र नापास!" मालक लालबुंद झाले. पुण्याच्या मुलाचं तोंड पांढरं पडलं. आणि मी? मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मी म्हटलंच होतं, कवचाला भोक पाडायचं नसतं! त्या दिवशी अम्मानं डब्यातला गोड घास माझ्या हातावर ठेवला.

मालकांनी त्याला सांगितलं, दोन दिवसांत कारण शोध, नाहीतर यंत्र बांध आणि तूही जा. तो न फुटलेली अंडी एकेक करून फोडायला बसला. मालकांनी त्याच्यावर नजर ठेवायला मलाच बसवलं, कारण अशा कामाला माझ्याइतकी लायक दुसरी कोण? अंड्याच्या रुंद टोकाकडं आत हवेची पोकळी असते. प्रत्येक अंड्यात बरोबर त्या पोकळीत, भोकाच्या खालीच, हिरवट राखाडी बुरशी लवेसारखी पसरलेली होती. मी शंभर कारणं काढायच्या तयारीनं बसले होते, पण समोर जे दिसत होतं ते शिकलेल्या बाईला न कळण्यासारखं नव्हतं. तरी मी म्हटलं, अंडीच खराब आली असतील. त्यानं त्याच कोंबड्यांची, न टोचलेली अंडी दाखवली. ती स्वच्छ फुटली होती.

मग त्यानं मला रबराच्या वाट्या पुसून द्यायला सांगितलं. मी एकेक वाटी उलटवत होते. एका वाटीच्या घडीत काहीतरी चिकटलेलं होतं. नखानं काढलं. शेवंतीची पिवळी पाकळी, वाळून काळसर झालेली. मी मूठ मिटली.

"काय सापडलं का?" त्यानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

त्यानं ते लगेच खरं धरलं. एवढंच मला सहन झालं नाही. मी त्याच्या जागी असते तर म्हटलं असतं, मूठ उघडा. तो पुन्हा आपल्या क्लोरिनच्या बादलीकडं वळला. त्याच्या बोटांची सालं निघाली होती. "माझंच चुकलं असणार, ताई," तो म्हणाला, "औषध पातळ झालं असेल. मीच नीट मोजलं नसेल." दोन महिने मी त्याच्यावर संशय घेत होते, आणि तो मात्र घ्यायचाच तर स्वतःवर घेत होता. मला स्वतःवर संशय घ्यायचं कधी सुचलंच नव्हतं. इतकी लाज वाटली मला, की तिथून उठून मी मागच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

गप्प राहिले असते तर टेबल वाचत होतं. नऊ बायका वाचत होत्या. त्या मुलाचं काय, तो पुण्याला जाईल, दुसरी नोकरी बघेल. असं मी स्वतःला कितीतरी वेळा समजावलं. अम्माशी बोलावं असंही वाटलं, पण तिला काय विचारायचं? तुझं पोट ठेवू की त्याची अब्रू, असं? ती पोटच म्हणाली असती, आणि तिचं काही चुकलं नसतं. म्हणून मी तिला विचारलंच नाही. नंतर मला तेच सगळ्यात जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी मालकांच्या ऑफिसात गेले आणि सगळं सांगितलं. हार, ओलं कापड, उदबत्ती, झाकण ओढून पाहिलं तेसुद्धा. पूजा माझ्या डोक्यातून निघाली, बायका माझ्या सांगण्यावरून आल्या, हे दोनदा सांगितलं. मला वाटलं, आता ते टेबलावर हात आपटतील आणि मला हाकलून देतील. खरं तर मी त्याच तयारीनं गेले होते. पाकळी कागदात गुंडाळून नेली होती, ती त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी कागद पुढ्यात ओढला आणि पाकळी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे यंत्र चांगलं आहे."

बस्स, एवढंच. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. माझ्या चुकीत त्यांना फक्त ट्रायलचा निकाल दिसला. त्या मुलाला बोलावून त्यांनी खांद्यावर हात ठेवला. तो माझ्याकडं बघून, "ताई, सांगितलंत ते बरं केलंत," म्हणाला. त्याच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

महिनाअखेरीस हाताचं टेबल बंद होणार असं सांगण्यात आलं. मग मालकांनी मला पुन्हा बोलावलं. मुलगा दिवाळीनंतर परत जाणार होता, यंत्रावर कायमचं माणूस हवं होतं. "नियम मोडला की काय होतं हे तुमच्याइतकं कुणाला कळलंय?" ते म्हणाले. "आता तुम्ही चिमणीलासुद्धा आत येऊ देणार नाही. तुम्हीच राहा."

मी नाही म्हणायला हवं होतं. हे मी आज म्हणते. त्या दिवशी माझ्या तोंडून "सरी सार" म्हणजे 'बरं साहेब' निघून गेलं.

शेवटच्या दिवशी बायकांनी आपापले कोट घडी करून टेबलावर ठेवले. त्यांना तोवर सगळं कळलं होतं, ऑफिसातली गोष्ट व्हॅनमध्ये पोचायला कितीसा वेळ लागतो. माझ्याशी कुणी बोललं नाही. मी दारात उभी होते, बाजूनं एकेक निघून गेली. अम्मा सगळ्यात शेवटी आली. तिनं तिचा कोट माझ्या हातात दिला.

"फुलं तू आणलीस," ती म्हणाली. रागानं नाही, एखादं खोकं तपासावं तशी. "आत चला असं तू म्हणालीस. पुसलंस तू. जाऊन सांगितलंस तू. आणि यंत्र तुला मिळालं."

"अम्मा, देवाशप्पथ सांगते, मला माहीत नव्हतं."

"तू शिकलेली आहेस, अक्का. बुरशीचं तुला माहीत नव्हतं?"

माहीत होतं. तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं तर मी हे ठरवूनच केलं, हे तिचं म्हणणं सिद्ध होत होतं, आणि खोटं ती पकडणारच होती. मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो सोडवून घेतला, अगदी हलकेच, आणि व्हॅनकडं चालत गेली.

यंत्रावर मी पुढं बरीच वर्षं काढली. एकही ट्रे बिघडू दिला नाही. अम्माबद्दल मी पुष्कळ वेळा मनाशी वाद घातलाय, की असा संशय घेणं बरोबर नव्हतं, इतक्या वर्षांची ओळख होती, तिनं माझ्या डब्यातलं खाल्लं होतं. पण तिच्या जागी मी असते, आणि तिनं शपथ घेतली असती, तर मी काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे.